मित्राच्या प्रिंटिंग नोट्समधली एक खूण : 'फुंकर ३' म्हणजे काय?

अंधारखोली :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो पण हात उठत नव्हता. इथे डार्करूममध्ये काम केलेले जे कोणी असतील त्यांची मदत हवीये, आणि खरं सांगायचं तर मदतीइतकंच कुणाशी तरी त्याच्याबद्दल बोलायचंय.

माझा मित्र जाऊन पाच महिने झाले. झोपेतच गेला. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. शिकवलं नाही त्याने कधी कुठे, पण डार्करूममध्ये टायमर वापरायचा नाही, मेट्रोनोम लावायचा, मिनिटाला ६० ठोके, आणि त्या ठोक्यांवर हात हलवत कागदाला एक्स्पोजर, म्हणजे मोजून उजेड, द्यायचा, अगदी बँडमास्तर उभा असावा तसा. म्हणून मास्तर.

एकोणीस वर्षं आम्ही दर शनिवारी रात्री त्याच्या घरच्या बाथरूममध्ये ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट्स करायचो. खिडकीला काळा कागद, फळीवर एन्लार्जर (निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र), खाली तीन ट्रे. कामाची वाटणी पहिल्या दिवशी झाली ती शेवटपर्यंत तशीच राहिली, सुकी बाजू त्याची, ओली बाजू माझी. म्हणजे एन्लार्जर, फोकस, फिल्टर, हाताने सावली धरणं हे सगळं तो करणार आणि कागद माझ्या हातात देणार, मग चित्र उमटवणारा डेव्हलपर, ते थांबवणारा स्टॉप, टिकवणारा फिक्सर आणि धुणं हे माझं. लाल दिव्यात एकमेकांकडे पाठ करून उभे. बोलणं फार नाहीच. पांढऱ्या कागदावर पहिल्यांदा काळं उमटायला लागलं की मी नुसतं 'आलं' म्हणायचो आणि तो वळून बघायचा. एकोणीस वर्षांत असं एकदाही झालं नाही की मी 'आलं' म्हटलं आणि तो वळला नाही.

शेवटची दोन वर्षं मी गेलो नाही. भांडण नव्हतं. मी डिजिटल घेतला, कामं वाढली, एक शनिवार चुकला मग दोन चुकले, आणि मग इतके चुकले की जायचीच लाज वाटायला लागली. त्याने फोन करून कधी टोचलं नाही. 'ये सवड झाली की' एवढंच म्हणायचा. सवड काढली नाही मी, हे लिहून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला फार चांगला मित्र समजू नये.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात वहिनींनी बोलावलं. एक निगेटिव्ह हातात दिली आणि म्हणाल्या, 'ह्याचा मोठा करून द्या, तुमच्याच हाताने करा.' फोटो त्यांचाच आहे. पाठमोऱ्या बसल्यात, वेणी घालतायत, डाव्या हाताला खिडकी, समोर छोटा आरसा आणि आरशात तेवढा चेहरा. त्याने मोठा प्रिंट केला होता की नाही कुणास ठाऊक, घरात सापडला नाही. सापडला तो एक पाच बाय सातचा वर्क प्रिंट, म्हणजे मोठ्याआधी काढलेला चाचणीचा, आणि त्यावर पेन्सिलने सगळा नकाशा काढलाय. वर कोपऱ्यात '१६ से., एफ ११, ग्रेड २½', म्हणजे किती सेकंद, लेन्सचं तोंड किती उघडं आणि काळ्यापांढऱ्यातला फरक किती. चेहऱ्याभोवती लंबगोल आणि आत '−४'. खिडकीला तिरक्या रेघा, '+१६'. खालचा उजवा कोपरा '+८'. आणि आरशाच्या कडेवर, चेहऱ्याच्या अगदी लगत, जिथे उजेडाची एक पांढरी तिरीप चमकते, तिथे बारीक बाण काढून लिहिलंय 'फुंकर ३'.

बाकी सगळं मला कळतं, वजा म्हणजे तेवढे सेकंद हाताची सावली धरून उजेड अडवायचा, अधिक म्हणजे तेवढे सेकंद जास्त द्यायचा. हे शेवटचं कळत नाही. आमच्या एकोणीस वर्षांत हा शब्द त्याने कधी लिहिला नव्हता. कुणाला काही अंदाज?

तांबडादिवा :
वाचून गलबललो. 'फुंकर'चं नंतर बघू, आधी एक सांगतो, त्याचे सेकंद जसेच्या तसे उचलू नका. पाच बाय सातवरून मोठ्यावर जाताय म्हणजे एन्लार्जरचं डोकं वर जाणार आणि तोच उजेड जास्त जागेवर पसरणार. लांबीरुंदी दुप्पट केली तर एक्स्पोजर साधारण सव्वातीन ते साडेतीन पट लागतं, कागदावर चौपट वाटतं पण तेवढं नाही. म्हणून सेकंद वाढवू नका, लेन्स उघडा, एफ ११ वरून एफ ५.६ च्या जवळपास या. मग १६ सेकंद तेच राहतील आणि चेहऱ्यावरचे ४ सेकंदही तेच, म्हणजे हात तेवढाच वेळ धरायचा जेवढा त्यांनी धरला.

आणि आकडे वाचताना वजाबाकी बेरीज म्हणून वाचू नका, प्रमाण म्हणून वाचा. १६ तले ४ म्हणजे पाव. खिडकीला +१६ म्हणजे दुप्पट, फोटोग्राफीच्या भाषेत अख्खा एक स्टॉप. पेपर बदलला, बल्ब जुना झाला, तर मूळ १६ चे १२ होतील नाहीतर २० होतील, पण पाव ते पावच आणि दुप्पट ते दुप्पटच.

अंधारखोली :
तांबडादिवा, प्रमाणाचं लक्षात नव्हतं आलं, मनापासून आभार. मी आकडेच उचलले होते. काल रात्री चार प्रिंट काढले आणि चारही त्याच्यापेक्षा वेगळे आले. चेहरा मला कापून चिकटवल्यासारखा दिसतोय, आजूबाजूला फिकट कडं आलंय. त्याच्या वर्क प्रिंटवर कुठे सावली सुरू होते आणि कुठे संपते ते भिंगातून शोधूनही सापडत नाही.

निळीशाई :
कडं येतंय म्हणजे हात स्थिर राहतोय. हात सतत हलता हवा ना, कागदापासून जरा उंच. मी शिकले तेव्हा हेच चुकायचं.

हा धागा मी वेगळ्याच कारणासाठी वाचायला घेतला होता. माझी एक मैत्रीण होती, आमची दोघींची मिळून एक स्केचबुक. ती डावं पान काढायची आणि वही पोस्टाने मला पाठवायची, मी उजवं काढून परत. डाव्या पानाला उत्तर द्यायचं एवढाच नियम. तिने झाड काढलं तर मी झाडच काढायला हवं असं नाही, पण बघणाऱ्याला कळलं पाहिजे की ही दोन पानं एकमेकांशी बोलतायत. सहा वह्या भरल्या. सातवी माझ्याकडे होती तेव्हा ती गेली.

अंधारखोली :
शेवटच्या डाव्या पानावर काय आहे?

निळीशाई :
खुर्ची. पाठीवर स्वेटर टाकलेला. बाकी काही नाही. उजवं पान कोरं आहे अजून.

सरळरेघ :
दोघांच्याही भावना समजतात आणि मला कुणाला दुखवायचं नाहीये, पण माझं मत वेगळं आहे म्हणून लिहितो. प्रिंट ज्याचा त्याचा असतो. निगेटिव्ह हा कच्चा माल आहे, त्यातून काय काढायचं हे त्या माणसाच्या डोळ्यात असतं आणि तो डोळा गेला. तुम्ही कितीही जीव ओतलात तरी तो तुमचा प्रिंट होईल, त्यांचा नाही. अमेरिकन फोटोग्राफर ब्रेट वेस्टनने १९९१ साली आपल्या ८० व्या वाढदिवशी आपल्या निगेटिव्ह जाळल्या, का, तर माझ्या निगेटिव्हवरून दुसऱ्या कुणी प्रिंट काढू नये. त्याने काही थोड्या जपल्या असतील तर त्याही शिकणाऱ्यांना बघायला म्हणून. मला ते पटतं. त्यापेक्षा तो वर्क प्रिंट चांगला स्कॅन करा आणि पेन्सिलीच्या खुणांसकट मोठा छापून द्या. ते निखळ त्यांचं असेल.

कोरीवकाम :
सरळरेघ, वेस्टन घराण्याचंच उदाहरण दिलंत तर त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रेटचे वडील एडवर्ड वेस्टन, तेही फोटोग्राफर. त्यांना पार्किन्सन झाला आणि डार्करूममध्ये हात चालेना. तेव्हा १९५० च्या दशकात त्यांनी स्वतः निवडलेल्या निगेटिव्हचे प्रिंट ह्याच ब्रेटने वडिलांच्या देखरेखीखाली काढले. एडवर्ड १९५८ ला गेले, त्यानंतर धाकटा मुलगा कोल कितीतरी वर्षं वडिलांच्या निगेटिव्हवरून प्रिंट काढत राहिला, वडिलांनीच त्याला तशी मुभा देऊन ठेवली होती. त्याने ते वडिलांचे प्रिंट म्हणून कधी खपवले नाहीत, निगेटिव्ह एडवर्डची आणि प्रिंट कोलचा असं उघड सांगितलं. म्हणजे एकाच घरात दोन्ही मतं.

आणि दुसरं, माणूस जिवंत असतानासुद्धा प्रिंट एकच कुठे असतो? अमेरिकन फोटोग्राफर अॅन्सल अॅडम्सचा १९४१ चा तो चंद्रोदयाचा प्रसिद्ध फोटो घ्या. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाशात ढग दिसतात, नंतरच्या प्रिंटमध्ये आकाश काळं होत होत गेलं. १९४८ ला तर त्याने निगेटिव्हच्या खालच्या भागावर पुन्हा रसायन चढवलं. निगेटिव्ह तीच, माणूस तोच. मग ह्यातला 'त्याचा' प्रिंट कुठला?

अंधारखोली :
सरळरेघ, राग नाही आला, उलट हेच मी रात्री पडल्या पडल्या स्वतःशी बोलतोय. पण स्कॅनचं मला करता येणार नाही. वहिनींनी 'तुमच्या हाताने' म्हटलंय. त्यांना चांगलं ठाऊक आहे की तो एकटा काढायचा नाही, दार बंद करून आम्ही दोघं आत असायचो आणि त्या बाहेरून आवाज द्यायच्या, 'दार उघडू का?' आणि आम्ही दोघं एकदम ओरडायचो 'नको!' त्या घरातल्या भिंतीवर जे जे लागलंय त्यातला अर्धा वेळ माझ्या ट्रेमध्ये गेलाय. मी त्याचा डोळा आणू शकत नाही. पण ओली बाजू माझीच होती.

धुण्यावरून आठवलं. अगदी सुरुवातीचे प्रिंट मी घाईघाईत धुतले होते, फायबर पेपरला (प्लास्टिकचा थर नसलेला कागद) वाहत्या पाण्यात तासभर लागतो आणि मी वीस मिनिटांत उरकायचो. तो काही बोलला नाही. सहा सात वर्षांनी एक पेटी उघडून दाखवली, कडेने सगळे पिवळट तपकिरी पडले होते, कागदात राहिलेल्या फिक्सरने. 'हे बघ' म्हणाला, पेटी बंद केली, बस. त्यानंतर आजतागायत मी एक मिनिट कमी धुतलेलं नाही.

तांबडादिवा :
हे फार आवडलं, 'हे बघ' आणि पेटी बंद.

एक शंका. तुमचे चार प्रिंट वेगळे आले म्हणालात, ते ओले असताना ताडून बघितले का? फायबर पेपर सुकला की गडद होतो, उजळ भाग तर जास्तच मंदावतात. त्यांचा वर्क प्रिंट सुकलेला, तुमचे ओले. ओला प्रिंट सुकलेल्याशी कधीच जुळणार नाही. जुळला तर समजायचं की सकाळी तो काळा पडलेला असेल.

अंधारखोली :
अरे देवा. ओलेच बघितले. आणि हे मला माहीत असून! तो नेहमी म्हणायचा आज काही ठरवायचं नाही, उद्या बघू, आणि मी म्हणायचो चांगला तर दिसतोय. रात्री मला फिके वाटले म्हणून एका बाजूला टाकलेत, आत्ता उठून बघतो.

...बघितले. तिसरा जवळ आलाय. बराच जवळ. फक्त आरशाच्या कडेवरची ती तिरीप डोळ्यात खुपतेय, पांढरी फटक. त्याच्या वर्क प्रिंटवरही आहे ती, तिथेच बाण आहे.

पाणवठा :
धागा आज वाचला. 'फुंकर'चं मला माहीत आहे.

ही जुनी युक्ती आहे. प्रिंट डेव्हलपरमध्ये असताना एखादी बारकी जागा मागे राहतेय, पुरेशी काळी होत नाहीये असं दिसलं की कागद ट्रेमधून उचलायचा, पाणी निथळू द्यायचं आणि त्या जागेवर तोंड जवळ नेऊन ऊन श्वास सोडायचा. डेव्हलपर २० अंशाला असतो, श्वास त्याच्यापेक्षा कितीतरी गरम. उष्णता मिळाली की रसायन तिथे, तेवढ्याच जागी, जोरात काम करतं. काही लोक बोटाच्या पेराने चोळतात, कारण तेच. फार मोठा फरक पडत नाही, पण चमकणारी रेघ करडी करायला पुरतो. आरसी पेपरवर (प्लास्टिकचा थर असलेला कागद) जवळजवळ काहीच होत नाही, फायबरवर होतं, आणि डेव्हलपर जरा पातळ करून सावकाश चालवलात तर जास्त हाताशी येतं.

तुमच्या मित्राने इथे का वापरली तेही दिसतंय. ती तिरीप चेहऱ्याला लागून आहे. चेहऱ्यावर उजेड कमी देतायत, −४. आणि लगतच्या रेघेला जास्त द्यायचा म्हणजे पुठ्ठ्याला भोक पाडून, आणि तो उजेड चेहऱ्यावर सांडणारच. वरून, एन्लार्जरखाली, ते होण्यासारखं नाही. म्हणून त्यांनी ते काम खाली आणलं, ट्रेमध्ये. फुंकर ३ म्हणजे तीन श्वास असावेत, मध्ये मध्ये कागद परत बुडवून.

बोटाने चोळणार असाल तर हातमोजा घाला, मेटॉल हे रसायन असलेल्या डेव्हलपरने कातडीला कायमची ॲलर्जी बसू शकते, माझ्या बसलीये. त्यापेक्षा फुंकरच बरी. फक्त श्वास ट्रेवर आत ओढू नका, मान वळवून घ्या.

निळीशाई :
काय सुंदर आहे हे.

अंधारखोली :
पाणवठा, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला आणि मग लॅपटॉप मिटून बसलो होतो, म्हणून उत्तराला उशीर.

म्हणजे ही ओल्या बाजूची खूण आहे. मी एकोणीस वर्षं तिथे उभा होतो आणि आम्हाला ही कधी लागली नाही, किंवा लागली असेल आणि तो 'राहू दे' म्हणाला असेल, कारण मला सांगावं लागलं असतं. मी येईनासा झाल्यावर तो एकटाच दोन्हीकडे उभा राहायला लागला. तिकडे सावली धरायची, मेट्रोनोम थांबवायचा, इकडे वळायचं, कागद बुडवायचा. आणि बघता बघता माझी बाजू त्याने माझ्यापेक्षा चांगली शिकून घेतली. 'आलं' कुणाला म्हणत असेल?

सरळरेघ :
माझं मत मी मागे घेतो. करा तुम्ही.

कोरीवकाम :
+१. आणि झाला की मागे काय लिहिणार ते आधीच ठरवून ठेवा. कोल वेस्टनसारखं दोन ओळीत.

पाणवठा :
अंधारखोली, एक सांगू? खूण इतकी व्यवस्थित लिहिलीये ती स्वतःसाठी नसते हो. एकटा काम करणारा माणूस स्वतःचं डोक्यात ठेवतो. बाण काढून, शब्द लिहून, आकडा घालून ठेवतो तो दुसऱ्याच्या हातात कागद जाणार असेल तर. मी तुमच्या मित्राला ओळखत नाही, चुकतही असेन. पण माझ्या वह्यांमध्ये नुसते ठिपके आहेत.

अंधारखोली :
काय लिहू. बरं वाटलं एवढंच लिहितो.

अंधारखोली :
अपडेट. काल शनिवार होता. वहिनींना विचारून त्यांच्याच घरी, त्याच बाथरूममध्ये लावलं सगळं. ट्रे जागच्या जागी होते, धुऊन पालथे घातलेले. मेट्रोनोमला धूळ नव्हती.

सुक्या बाजूला मला सवय नाही, पहिले दोन कागद फोकस आणि फिल्टरमध्येच गेले. टेस्ट स्ट्रिपवर (चाचणीची कागदाची पट्टी) १६ चे १३ झाले, तर तांबडादिवांनी सांगितलं तसं चेहऱ्याला त्याचा पाव, सव्वातीन, खिडकीला आणखी तेरा. निळीशाई, हात हलता ठेवला, ठोक्यावर. ठोक्यावर हलवला की आपोआप हलता राहतो, हे मला काल कळलं, त्या मेट्रोनोमचा उपयोग नुसता मोजायला नव्हता. कडं गेलं.

मग ट्रे. डेव्हलपर पातळ केला होता. आधी खिडकीची चौकट उमटली, मग वेणी, मग खांदा, चेहरा सगळ्यात शेवटी. कागद उचलला, कोपऱ्यातून निथळू दिला, आरशाच्या कडेशी तोंड नेऊन श्वास सोडला, परत बुडवला. तीनदा. तिसऱ्या वेळी ती रेघ भुरकट झाली आणि चेहरा पुढे आला. म्हणजे चेहऱ्याला काहीच केलं नव्हतं, शेजारची चमक बसली म्हणून तो दिसायला लागला.

मी 'आलं' म्हटलं. मोठ्याने म्हटलं गेलं, सवयीने. बाहेरून वहिनींनी विचारलं, 'दार उघडू का?' फिक्सरमध्ये जायचा होता अजून. 'नको' म्हणालो.

तासभर धुतला. मागे पेन्सिलने लिहिलंय, निगेटिव्ह मास्तरची, प्रिंट माझा, फुंकर ३. दोरीवर आहे, दोन चिमट्यांना. ओला आहे अजून तेव्हा कसा झालाय ते आज सांगत नाही.